संमतीने खुलं नातं: समाधान कशात मिळतं, अडतं कुठे?

मोरपिशी (धागाकर्ती)

नवरा-बायको दोघांच्या पूर्ण माहितीत आणि दोघांच्या संमतीने लग्नाबाहेरही नातं असणं, यावर मराठीत मोकळेपणाने लिहिलेलं फार कमी सापडतं. जे सापडतं ते एकतर रागाने लिहिलेलं असतं, नाहीतर चवीने चघळलेलं. म्हणून हा धागा काढते आहे.

माझ्याबद्दल थोडं. पुण्यात राहते, नोकरी करते, मुलगी शाळेत आहे. लग्न रीतसर पाहून-ठरवून झालेलं. काही वर्षांपासून आमचं नातं खुलं आहे. नवऱ्याची एक मैत्रीण आहे, माझा एक मित्र आहे आणि चौघांनाही एकमेकांबद्दल माहीत आहे. नावं-गावं अर्थातच लिहिणार नाही.

आधी समाधानाचं सांगते, कारण त्याबद्दल कुणी विचारतच नाही. लोकांना वाटतं, हे सगळं शरीरसुखासाठी. ते आहे, नाकारत नाही. पण मला सगळ्यात जास्त काही मिळालं असेल तर ते नवऱ्याशी बोलणं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं आमच्या गप्पा म्हणजे गृहकर्जाचा हप्ता, मुलीची फी, सासूबाईंच्या गोळ्या. हा विषय निघाल्यापासून आम्ही एकमेकांना जे विचारलं ते आधी कधी विचारलंच नव्हतं. माझ्यात तुला काय आवडतं, कशाची भीती वाटते, मी सोडून गेले तर तू काय करशील. तो मैत्रिणीला भेटून खुशीत घरी येतो तेव्हा मला दरवेळी आनंद होतो असं नाही. होतो तेव्हा मात्र अगदी आतून होतो.

अडचण म्हटली की पहिलं नाव मत्सराचं येतं. मत्सर वाटतोच. पण तो वाटला की कळतो, आणि कळला की बोलता येतो. त्याहून अवघड आहे तो वेळ. दोन नोकऱ्या, मुलीचा अभ्यास, सासूबाईंचे गुडघे आणि वर आणखी दोन माणसं, ज्यांनाही आपण हवे असतो.

रविवारी मुलगी झोपली, ओटा आवरून झाला की आम्ही दोघं गच्चीत बसतो. फोन घरात ठेवून. आधी आठवड्याचं वेळापत्रक लावतो: कुणाला ऑफिसात उशीर होणार, मुलीला पोहायला कोण नेणार, फिजिओथेरपीला सासूबाईंबरोबर कोण, आणि मग कुठल्या संध्याकाळी कोण बाहेर. त्यानंतर एकच प्रश्न, दोघांनी एकमेकांना विचारायचा: या आठवड्यात काही खुपलं का? 'काही नाही' हे उत्तर फार पटकन आलं तर पुन्हा विचारायचं. एका रविवारी तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काल फोनवर त्याच्याशी बोलताना तू जशी हसत होतीस, तशी माझ्याशी बोलताना शेवटची कधी हसलीस?" त्या रात्री वेळापत्रक राहूनच गेलं. पुढचे काही आठवडे मी संध्याकाळी घरीच थांबले. त्याने थांब म्हटलं नव्हतं. त्याचं म्हणणं खरं होतं म्हणून थांबले. मित्राला हे सांगितलं तेव्हा तो नाराज झाला आणि त्याचंही बरोबर होतं. अशा वेळी कुणाचं तरी मन मोडतंच आणि ते निस्तरायला आणखी एक संध्याकाळ जाते.

माझं मत सरळ सांगते. नातं खुलं करून कोण सुखी होईल आणि कोण होरपळेल हे मत्सर किती यावर ठरत नाही. 'नाही' म्हणायची किंमत किती मोजावी लागते, यावर ठरतं. माझा पगार माझ्या खात्यात येतो, फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, माहेरचं दार उघडं आहे. उद्या मी 'आता बस' म्हटलं तर माझ्या डोक्यावरचं छप्पर जाणार नाही. म्हणून माझ्या 'हो'ला काही अर्थ आहे. ज्यांच्यापाशी यातलं काहीच नाही, त्यांच्या 'हो'ची मला धास्ती वाटते.

अनुभव असलेल्यांनी लिहा, नसलेल्यांनीही लिहा. समोर माणूस आहे एवढं लक्षात असू द्या.

कृष्णाकाठ

ताई, मनापासून विचारतो, दुखवायचा हेतू नाही. मी सांगलीचा, साठी उलटली आहे. आम्हालाही उभ्या आयुष्यात दुसरं कुणी आवडलंच नाही असं नाही. मनात ठेवलं, कालांतराने गेलं. मनाला आवर घालण्यातही समाधान असतं, त्याची गणती तुमच्या पिढीत होत नाही असं वाटतं. दुसरं म्हणजे, हे सगळं करायचं तर लग्न तरी कशाला टिकवायचं? आणि मुलीचं काय? उद्या चार लोकांत कळलं, तिची सोयरीक जमवायची वेळ आली, तर?

मोरपिशी

काका, प्रश्न रास्त आहेत. तुम्ही सरळ विचारलेत याचं बरं वाटलं.

आवर घालण्यातलं समाधान मी मानते. आम्हालाही तो घालावा लागतो, फक्त वेगळ्या जागी. मित्राला भेटायला जायची तयारी झालेली असताना मुलीला ताप आला तर जायचं नसतं, आणि त्याचा राग मुलीवर किंवा नवऱ्यावर काढायचा नसतो. लग्न टिकवायचं ते हा माणूस मला हवा आहे म्हणून. म्हातारपण याच्याबरोबर काढायचं हे आमच्या मनात पक्कं आहे.

मुलीशी आम्ही खोटं बोलत नाही, पण तिच्या वयाला झेपणार नाही ते सांगतही नाही. ते दोघं घरी येतात, ती त्यांना ओळखते, आमचे जवळचे मित्र म्हणून. मोठी झाल्यावर विचारेल तेव्हा सांगू. सोयरिकीच्या भीतीवर माझ्यापाशी उत्तर नाही. ती भीती आहे आणि ती घेऊनच राहते.

तपशील

थोडी अभ्यासांची माहिती देतो, कारण 'असली नाती टिकत नाहीत' आणि 'असली नातीच खरी', दोन्ही वाक्यं बिनधास्त फेकली जातात.

मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठातल्या जोएल अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये याआधीच्या ३५ अभ्यासांची एकत्र छाननी प्रसिद्ध केली. एकूण २४,४८९ माणसं. एकनिष्ठ नात्यातले आणि संमतीने खुल्या नात्यातले, यांच्या नात्यातल्या समाधानात किंवा लैंगिक समाधानात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे खुलं नातं जास्त सुखाचं असतं असंही निघालं नाही, कमी सुखाचं असतं असंही नाही. मिशिगन विद्यापीठाच्या टेरी कॉनली यांच्या २०१७ च्या, २,१२४ जणांच्या अभ्यासातही समाधान साधारण सारखंच होतं. खुल्या नात्यातल्यांनी मत्सर कमी आणि विश्वास जास्त असल्याचं नोंदवलं होतं.

हे वाचून लगेच हुरळून जायचं कारण नाही. माणसं स्वतःहून पुढे येऊन प्रश्नावली भरतात, आणि ज्यांचं नातं मोडलं ती अशा प्रश्नावल्यांपर्यंत बहुधा पोचत नाहीत. शिवाय हे अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य देशांतले. एकत्र कुटुंब, सासर, जात, सोसायटीतले शेजारी यातलं काहीच त्यांच्या प्रश्नांत नाही. पुण्या-नाशिकच्या घराला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

नीलमोहर

मोरपिशी, 'नाही'च्या किमतीबद्दल लिहिलंस म्हणून लिहायचं धाडस करते.

माझ्या नवऱ्याने एके दिवशी दोन इंग्रजी लेख वाचायला पाठवले. आपण आधुनिक आहोत, मालकी हक्क गाजवणं बरं नाही वगैरे. मी वाचले, पटलेही. महिनाभर चर्चा केल्या. मग हो म्हटलं. नंतर कळलं की ज्या बाईसाठी हे चाललं होतं ती त्याच्या आयुष्यात आधीपासूनच होती. मला विचारलंच नव्हतं, आधी होऊन गेलेल्या गोष्टीवर माझी सही घेतली होती.

त्यातूनही मी म्हटलं, ठीक आहे, दोघांनाही मोकळीक आहे ना. ऑफिसातल्या एकाशी माझी ओळख वाढली, मी घरी येऊन सांगितलं. तेव्हा ऐकायला मिळालं, "तुझं वेगळं आहे, तुला मुलगा आहे." मुलगा त्याचाही होताच की. मी तेव्हा नोकरीत नवी होते, पगार तुटपुंजा, डिपॉझिट भरून वेगळं घर घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून 'नाही' म्हणायला मला खूप उशीर लागला. तोवर मी रोज रात्री तो घरी येईपर्यंत जागी राहायचे आणि चावीचा आवाज आला की झोपेचं सोंग घ्यायचे.

आता घटस्फोट झाला आहे, मुलगा माझ्याकडे आहे, आम्ही बरे आहोत. जे मोकळेपणाने असं जगतात त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. पण माझ्या बाबतीत झालं त्याला कुणी 'संमतीचं खुलं नातं' म्हटलं तर मला ते सहन होत नाही.

तपशील

नीलमोहर, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही म्हणता ते अभ्यासांतही ठळकपणे दिसतं. रॉचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी १,६५८ जणांना नात्यांबद्दल विचारून त्यांचे पाच गट पाडले. दोन एकनिष्ठ नात्यातले, एक संमतीने खुल्या नात्यातला, एक अर्धवट खुल्या नात्यातला, आणि एक असा की जिथे एकाला बाहेरची मोकळीक आहे आणि दुसऱ्याला ती नको आहे. हा शेवटचा, एकतर्फी गट सगळ्यात दुःखी निघाला. त्यातले सुमारे ६० टक्के लोक नात्याबद्दल बरेच असमाधानी होते, एकनिष्ठ किंवा संमतीने खुल्या नात्यांच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे संमतीने खुलं नातं आणि एकतर्फी नातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे दोन्हींना एकाच शब्दात मोडीत काढतात, हीच मोठी अडचण आहे.

सातबारा

मी वकील आहे, कौटुंबिक न्यायालयात काम करतो. हा सल्ला नव्हे, सर्वसाधारण माहिती समजा.

व्यभिचार आता गुन्हा नाही. भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी, जोसेफ शाइन खटल्यात, घटनाबाह्य ठरवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते नाही. त्या जुन्या कलमात एक गोष्ट होती जी या धाग्याशी थेट जोडलेली आहे. परपुरुषाला शिक्षा व्हायची ती नवऱ्याची संमती नसेल तरच. नवऱ्याने परवानगी दिली किंवा कानाडोळा केला तर गुन्हा नाही. बायकोच्या संमतीला तिथे काही स्थानच नव्हतं, आणि नवरा बाहेर गेला तर तिला तक्रारही करता येत नव्हती. जवळजवळ १५८ वर्षं आपल्याकडे 'संमती' म्हणजे नवऱ्याची संमती.

पण गुन्हा नाही म्हणजे परिणाम नाहीत असं समजू नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली जोडीदाराने दुसऱ्याशी ठेवलेला संबंध हे आजही घटस्फोटाचं कारण आहे. त्याच कायद्याचं कलम २३ म्हणतं की या कारणावर घटस्फोट मागणाऱ्याने त्या गोष्टीला साथ किंवा मूक संमती दिलेली नसावी, ती माफ केलेली नसावी. म्हणजे तुम्ही मनापासून संमती दिली असेल तर पुढे त्याच मुद्द्यावर दाद मागणं अवघड जाईल. आणि समोरच्याने संमती देऊनही ती कोर्टात नाकारली, तर ती होती हे सिद्ध कसं करणार? पोटगीच्या तरतुदीत 'व्यभिचारात राहणाऱ्या' पत्नीला पोटगी नाकारता येते, तो मुद्दाही पुढे केला जातो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, नवरा-बायकोने एकमेकांचे गुपचूप रेकॉर्ड केलेले कॉल घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालू शकतात, असाही निकाल दिला. आज प्रेमाने पाठवलेला मेसेज उद्या कागदपत्रांत लागू शकतो.

आपसांत लिहिलेल्या कराराला कोर्ट मान देईल या भरवशावर राहू नका. बोलण्यात स्पष्टता यावी म्हणून जरूर लिहा.

गिरणगाव

मी मुंबईचा, समलिंगी आहे, जोडीदाराबरोबर राहतो. आमच्याकडे हा विषय तुम्हाला वाटतो तितका नवा नाही. लग्नाची चौकट आम्हाला मिळालेलीच नाही, त्यामुळे नात्याचे नियम आम्हाला पहिल्या दिवसापासून स्वतःच ठरवावे लागतात. एड्सच्या काळात तर हा जिवाचा प्रश्न झाला. ऑस्ट्रेलियात सुसान किपॅक्स आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्येच लिहून ठेवलं होतं की पुरुष जोडपी आपसांत तपासणी करून, घरात काय आणि बाहेर काय याचे उघड करार करतात आणि ते पाळतात. करार मोडला तर जोडीदाराला सांगायचं, हा त्यातला कणा.

आमच्या घरात नियम थोडेच आहेत. आमच्या बिछान्यात तिसरं कुणी नाही. ओळखीच्या मित्रांच्या गटात नाही. निरोध नाही तर काहीच नाही. यातला दुसरा नियम सगळ्यात उपयोगी पडला, कारण आपलं जग लहान असतं आणि एका भांडणात पाच मैत्र्या जातात.

२०१८ मध्ये, ६ सप्टेंबरला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल आला आणि तीन आठवड्यांत ४९७ चा. त्या महिन्यात आम्ही दोघं रात्र-रात्र बोलत बसायचो. एक सांगतो: खुल्या नात्यामुळे आमच्यात कधी भांडण झालं नाही असं नाही, पण सगळ्यात मोठी भांडणं त्याच्या आईला आमच्याबद्दल सांगायचं की नाही यावर झाली.

कब्बनपार्क

तिसऱ्या माणसाच्या बाजूने कुणीच लिहिलेलं नाही म्हणून लिहिते. मी बंगळुरूत असते, मूळची कोल्हापूरची, अविवाहित. ज्याच्यावर प्रेम आहे तो विवाहित आहे, त्याच्या बायकोला सगळं माहीत आहे, तिचं-माझं चांगलं जमतं. तिने मला कधीच कमी लेखलं नाही.

मागे त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तातडीने. त्याच्या बायकोनेच मला फोन केला, "निघ लगेच." मी पोचले तोवर त्याची आई आणि मामा गावाहून येऊन वरच्या मजल्यावर बसले होते. खाली पास देणाऱ्या बाईंनी विचारलं, "पेशंटच्या कोण तुम्ही?" मी म्हटलं, ऑफिसमधली. त्या म्हणाल्या, मग भेटीच्या वेळेत या, पाच ते सात. मी कँटीनमध्ये बसले. ती वरून दर अर्ध्या तासाने मेसेज करत होती: आत नेलं, बाहेर आणलं, शुद्धीवर आला, पाणी मागतोय, तुझं नाव घेतलं. पाच वाजता मी वर गेले, ऑफिसमधल्या माणसासारखी पलंगापासून दोन हात लांब उभी राहिले, "काळजी घ्या" म्हटलं आणि खाली आले. त्याला 'काळजी घ्या' म्हणायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

यात कुणाची चूक नव्हती. तिने तर जमेल ते सगळं केलं. पण मोरपिशींच्या घरी रविवारची बैठक असते, तशी आमच्यातही असते, आणि तीत 'दिवाळीला कोण कुठे' हे आधीच ठरलेलं असतं. मी त्या वेळापत्रकात उरलेल्या जागी बसते. ज्या जोडप्यांना आपलं नातं खुलं करायचं आहे त्यांना माझी विनंती: तुमचे नियम ठरवताना ज्याच्यावर ते लागू होणार आहेत त्यालाही विचारा. 'नाही'ची किंमत मोरपिशींनी नवरा-बायकोपुरती धरली आहे. आम्ही 'नाही' म्हटलं तर आमच्यापाशी काहीच उरत नाही, घरही नाही आणि आम्ही होतो असं सांगणारं माणूसही नाही.

मोरपिशी

कब्बनपार्क, तुझा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला आणि मित्रालाही पाठवला. मित्राचं उत्तर आलं, "मला हेच सांगायचं होतं, शब्द मिळत नव्हते." आम्ही चौघांनी एकत्र बसायचं ठरवलं आहे. दवाखाना, सण आणि अचानक आलेलं संकट, या तीन गोष्टींवर बोलायचं. नियम आम्ही दोघांनी केले आणि त्या दोघांना सांगितले, हे असं चालायला नको.

डॉ. निशिगंध

थोडक्यात वैद्यकीय बाजू, कारण ती शेवटी ढकलली जाते. एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि सी, गोनोरिया आणि क्लॅमिडियाची तपासणी नव्या जोडीदाराआधी आणि नंतर ठरावीक काळाने करावी. प्रयोगशाळेत होणाऱ्या चौथ्या पिढीच्या एचआयव्ही चाचणीतही संबंधानंतर ४५ दिवसांपर्यंत थांबावं लागतं, तेव्हा 'कालच तपासलं' याला फारसा अर्थ नाही. निरोध फाटला किंवा शंका आली तर ७२ तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच, डॉक्टरांकडे जा. २८ दिवसांचं औषध असतं, त्याने एचआयव्ही रोखता येतो. हिपॅटायटिस बी आणि एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची) लस घ्या. एचपीव्ही आणि हर्पिसपासून निरोध पूर्ण संरक्षण देत नाही. सरकारी रुग्णालयांत समुपदेशन आणि एचआयव्ही चाचणी मोफत होते, नाव गुप्त राहतं. १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं.

मला काळजी वाटते ती उघड बोलणाऱ्या जोडप्यांची नाही. ते दोघं मिळून येतात, रिपोर्ट एकमेकांसमोर उघडतात. चोरून संबंध ठेवणारे पुरुष उशिरा येतात, एकटे येतात आणि "घरी कळवू नका" म्हणतात. तोवर बायकोलाही लागण झालेली असते.

चार्ल्सकाठ

बॉस्टनजवळ राहते. आमच्या शेजारच्या सॉमरव्हिल शहराने जून २०२० मध्ये घरगुती भागीदारीच्या नोंदणीत दोनाहून अधिक माणसांना मान्यता दिली. करोना जोरात होता, आरोग्यविमा आणि दवाखान्यातली भेट हे मुद्दे चर्चेत होते. पुढच्या वर्षी इथल्याच केंब्रिज शहराने तेच केलं. कब्बनपार्कच्या कँटीनची गोष्ट वाचताना मला तेच आठवलं. तो कागद शहरापुरता आहे, देशाच्या कायद्यात, करात, व्हिसात त्याला स्थान नाही. तरी दारावरच्या बाईंना दाखवायला काहीतरी असतं.

आणि मोरपिशींचा मुद्दा इथे आम्हा मराठी लोकांत अगदी तंतोतंत लागू होतो. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर. तिचा इथे राहायचा हक्क त्याच्या नोकरीवर आणि लग्नावर अवलंबून. नोकरी करायची परवानगी एच-४ वरच्या सगळ्यांना मिळत नाही, नवऱ्याच्या ग्रीन कार्डचं (कायम राहण्याच्या परवान्याचं) काम ठरावीक टप्प्यावर पोचलं असेल तरच मिळते. अशा घरात नवरा म्हणाला, "इथे सगळे असंच करतात, आपणही करू," तर ती काय म्हणणार? माझ्या ओळखीत एकीने हो म्हटलं आणि परतीच्या तिकिटाचे पैसे साठेपर्यंत हसत राहिली.

कृष्णाकाठ

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. माझ्या वडिलांच्या पेटीत 'समाजस्वास्थ्य'चे जुने अंक होते, र. धों. कर्व्यांच्या लैंगिक शिक्षणाच्या मासिकाचे. १९२७ ते १९५३, जाईपर्यंत त्यांनी ते चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, एकात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. आम्ही मुलं ते अंक चोरून वाचायचो आणि वडील रागवायचे नाहीत. स्त्रीलाही इच्छा असते आणि तिच्यावर तिचा हक्क असतो, हे त्या माणसाने तेव्हा छापलं. नव्वद-शंभर वर्षांनी आपण तिथेच घुटमळतो आहोत याचं वाईट वाटलं.

मला स्वतःला हा मार्ग पटलेला नाही, तो पटेल असं वाटतही नाही. पण लपवून होणारं आमच्या पिढीनेही भरपूर पाहिलं आहे. त्या बायका कधी बोलल्या नाहीत. कुणी त्यांना विचारलंही नाही.

अबोली

बरेच दिवस नुसती वाचते आहे. पहिल्यांदाच लिहिते. नवऱ्याने गेल्या महिन्यात हा विषय काढला. तो वाईट माणूस नाही. मी मुलं झाल्यावर नोकरी सोडली, घर त्याच्या नावावर आहे. मी नक्की 'हो' म्हणते आहे की घाबरून म्हणते आहे हे मलाच कळत नाही. काय करू?

मोरपिशी

अबोली, सध्या 'हो' म्हणू नकोस, 'नाही'ही म्हणू नकोस. एक प्रश्न विचार: मी नाही म्हटलं तर काय होईल? विचारून झाल्यावर गप्प बस, वाक्य तूच पूर्ण करू नकोस. आणि पुढचे काही दिवस घरातलं वातावरण कसं राहतं ते बघ. त्यावरून उत्तर कळेल.

अबोली

विचारलं. म्हणाला, "मग बघू काय करायचं ते." त्यानंतर दोन दिवस मुलांमार्फतच बोलतो आहे.

नीलमोहर

अबोली, 'मग बघू' मी पुरेपूर ओळखते. तुझ्या एकटीच्या नावावर बचत खातं आहे का? नसेल तर आधी ते उघड. पदवीची प्रमाणपत्रं, आधार, मुलांचे जन्मदाखले, दागिन्यांच्या पावत्या यांच्या प्रती बहिणीकडे किंवा आईकडे ठेव. याचा अर्थ घर मोडायचं असा नाही. तुझ्या पायाखाली जमीन असली की तू जे काही म्हणशील ते तुझं असेल.

सातबारा

नीलमोहरशी पूर्ण सहमत. आणखी एक. राहत्या घरातून तुम्हाला कुणी सहजासहजी बाहेर काढू शकत नाही. घर कुणाच्याही नावावर असलं तरी कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ खाली पत्नीला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. मोफत कायदेशीर मदत हवी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला संमतीचा एक शब्दही घाईने लिहू नका.

अबोली

राहण्याचा हक्क आहे हे खरंच माहीत नव्हतं. खातं लग्नाआधीचं आहे, बंद पडलंय. उद्या बँक उघडली की केवायसी करून ते सुरू करते, आणि जुन्या ऑफिसातल्या मॅडमना फोन करते. नवऱ्याला आज एवढंच सांगितलं की मला सहा महिने हवेत आणि तोवर हा विषय बंद. झालं काही तर इथेच लिहीन.

मोरपिशी

लिही. रात्री-अपरात्री लागलं तर व्यक्तिगत निरोप कर, माझा फोन चालू असतो.